बडोद्यातून जाणाऱ्या अतिवेगवान मार्गाचे गेज वेगळे ठेवणे योग्य होते का?

सुरसागरकाठ:
लहानपणी पितृपक्षात आजोबांबरोबर चांदोदला जाताना डभोईहून छोट्या गाडीत बसावे लागे. समोरासमोरच्या बाकांवरच्या माणसांचे गुडघे एकमेकांना लागत आणि ताम्हन-पळीची पिशवी मांडीवरच धरावी लागे. खंडेराव महाराजांनी 1862 मध्ये डभोई ते मियागाम हा अडीच फुटी गेजचा, म्हणजे दोन रुळांमध्ये तेवढे अंतर असलेला, मार्ग घातला, तेव्हा आरंभी गाड्या बैल ओढत. सावकाश चालणे लोक चालवून घेत. अडचण मियागामला येई, कारण तिथे मुंबईकडे जाणारा 1676 मिलिमीटरचा रुंद मार्ग भेटत असे आणि कापसाच्या गाठी एका वाघिणीतून उतरवून दुसरीत भराव्या लागत.

आता मुंबई–अहमदाबाद हा 508 किलोमीटरचा बुलेट ट्रेनचा मार्ग 1435 मिलिमीटरच्या गेजवर बांधला जात आहे आणि बडोद्याचे त्याचे स्थानक जुन्या स्थानकालगतच उभे राहत आहे. दोन्ही मार्ग एकमेकांच्या इतके जवळ असूनही एकावरची गाडी दुसऱ्यावर कधीच जाणार नाही. 1981 मध्ये पॅरिस–लियों मार्गावर धावू लागलेली फ्रान्सची अतिवेगवान गाडी टीजीव्ही शहरात शिरताना जुनेच रूळ वापरते आणि नवा मार्ग संपला तरी पुढच्या गावांपर्यंत जाते. आपल्याकडे गोधरा-रतलामच्या प्रवाशाने मात्र सामान घेऊन जिने चढायचे. 1676 चे ब्रॉडगेज हाताशी असताना मियागामची चूक आपण पुन्हा करत आहोत, असे माझे मत आहे.

निवृत्त रूळवाला:
आपल्या आठवणीबद्दल आदर राखून सांगतो, की मियागामची तुलना इथे लागू पडत नाही. माझी नोकरी रुळांच्या देखभालीत गेली, म्हणून वळणापासून सुरुवात करतो. वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा उंच ठेवतात; त्या उंचीला आम्ही कँट म्हणतो. ती किती ठेवायची हे गाडीच्या वेगावर ठरते. त्याच वळणावरून ताशी 60 किलोमीटरने मालगाडी आणि 160 ने प्रवासी गाडी न्यायची असेल, तर उंची मधलीच कुठेतरी ठरवावी लागते. मग मालगाडीचा भार आतल्या रुळावर येऊन त्याचे डोके चेपत जाते आणि वेगवान गाडी बाहेरचा रूळ घासत राहते. माझ्या भागात असे एक वळण होते. तिथल्या रुळाच्या कडेवर बोट फिरवले की पातळ धातूची धार हाताला लागे. दोन्ही गाड्यांचा हा संसार 160 पर्यंत कसाबसा रेटता येतो, नव्या मार्गाच्या 320 ला नाही.

ताशी 320 म्हणजे सेकंदाला सुमारे 89 मीटर. त्या वेगात रुळाकाठचा सिग्नल पाहून चालकाला निर्णय घेता येत नाही, म्हणून आज्ञा थेट त्याच्या समोरच्या पडद्यावर यावी लागते. फाटक तर एकही चालत नाही. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये वटव्याजवळ वंदे भारतच्या नाकाला म्हशी धडकल्या, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. स्वतंत्र मार्गाला पर्याय नाही.

सुरसागरकाठ:
काका, कँटचा मुद्दा मला पूर्ण पटला. पण त्यातून सिद्ध होते ते मार्ग स्वतंत्र असावा एवढेच. गेज वेगळे असावे हे कुठे सिद्ध होते? स्वतंत्र मार्गही 1676 चा बांधता आला असता. जपानने 1964 मध्ये टोकियो–ओसाका मार्गाला 1435 चे गेज घेतले, कारण त्यांचे जुने रूळ 1067 चे, म्हणजे अरुंद होते. ते अरुंदातून रुंदाकडे गेले, आपण रुंदातून अरुंदाकडे जात आहोत. स्पेनचे जुने गेज जवळजवळ आपल्याइतकेच रुंद. त्यांनी 1992 मध्ये 1435 चा अतिवेगवान मार्ग सुरू केला आणि मग दोन्हीकडे गाड्या नेण्यासाठी चाकांमधले अंतर बदलणारे डबे चालवावे लागले.

निवृत्त रूळवाला:
बांधता आला असता, हे मान्य. प्रश्न त्यावर काय धावले असते हा आहे. ताशी 320 ने रोज प्रवासी नेणारी ब्रॉडगेज गाडी जगात कुठेच नाही. बोगीपासून (डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यापासून) ब्रेकपर्यंत सर्व काही आपणच घडवून वर्षानुवर्षे तपासावे लागले असते. शिंकानसेनची, म्हणजे जपानच्या त्या अतिवेगवान गाड्यांची, व्यवस्था अखंड घेतली तर तिच्यासोबत 1964 पासूनचा अनुभवही येतो. गाडी घसरून किंवा टक्कर होऊन त्यांच्याकडे आजवर एकही प्रवासी दगावलेला नाही. शिवाय गेज अरुंद असले तरी त्यांचे डबे 3.35 मीटर रुंद आहेत. तिथे गुडघे लागणार नाहीत.

अप-डाऊनवाली:
दोघांचेही वाचले. मी रोज बडोदा–अहमदाबाद अप-डाऊन करते आणि माझा हिशेब पासचा आहे. मोजक्याच थांब्यांची गाडी 2 तास 7 मिनिटांत सगळा मार्ग कापणार, हे छान आहे. पण मासिक पास निघेल का आणि तो पगारात बसेल का, हे कुणी बोलत नाही. एका गोष्टीचे मात्र समाधान वाटते. सुरतेचे नवे स्थानक शहराबाहेर अंत्रोलीला गेले, आपले मात्र गावात राहिले. रिक्षाचे भाडे तेवढे वाचले.

सुरसागरकाठ:
ताई, माझा दुसरा मुद्दा नेमका तुमच्यासाठीच आहे. मालवाहतुकीचा समर्पित मार्ग मकरपुऱ्याजवळून जातो. मालगाड्या तिकडे वळल्या की जुन्या मार्गावरची वेगांची सरमिसळ बरीच कमी होते आणि काकांच्या त्या वळणाला प्रवासी गाडीच्या वेगाचा कँट देता येतो. दिल्ली–मुंबई मार्ग, बडोदा–अहमदाबाद धरून, 160 चा करण्याचे काम 2019 मध्ये मंजूर झालेले आहे. ते आधी पुरे झाले असते, तर तुमच्यासारख्या हजारो पासधारकांची रोजचा वेळ वाचला असता. अतिवेगवान मार्गासाठी 1 लाख 8 हजार कोटींचा अंदाज होता आणि 2023 चे उद्दिष्ट होते. ते वर्ष कधीच मागे पडले.

निवृत्त रूळवाला:
उशीर झाला, त्याची वकिली मी करणार नाही. कर्जाचे मात्र पूर्ण सांगा: खर्चाच्या 81 टक्के रक्कम जपानने 0.1 टक्का व्याजाने, 50 वर्षांच्या मुदतीवर देऊ केली, आणि ती या प्रकल्पासाठीच. ती जुन्या मार्गाच्या वळणांवर खर्च करता आली नसती. मात्र मालगाड्या हटल्यावर त्या वळणांचा कँट पुन्हा ठरवावा, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. त्यासाठी जपानची वाट पाहावी लागत नाही. रूळकामगारांची गँग, रुळाखालची खडी ठोकून बसवणारे टॅम्पिंग मशीन आणि रात्रीचा चार तासांचा ब्लॉक, म्हणजे गाड्या बंद ठेवण्याची वेळ, एवढे पुरते.

अप-डाऊनवाली:
काका, ब्लॉक रात्रीचाच घ्या. सकाळच्या आठच्या गाडीला हात लावू नका.