खारघरला दुसरी गाडी घ्यावी का?

पेठपाडावाला:
आम्ही खारघर सेक्टर ३५ ला राहतो. मी ऐरोलीला मेट्रो आणि पुढे पनवेल-ठाणे लोकलने जातो, त्यामुळे गाडी घरच्यांच्या कामाला असते. आता बायकोला वाशी सेक्टर १७ मध्ये नोकरी लागलीय, गाडी ती नेणार म्हणते. मग मुलाचा सेक्टर १२ मधला क्लास, आईची फिजिओथेरपी, भाजी, हे कसं करायचं? म्हणून दुसऱ्या गाडीचा विषय निघालाय. सोसायटीत पार्किंग एकच. दुसरी रस्त्यावर लागणार, जिथे आत्ताच शाळेची बस वळत नाही. मला घ्यायची नाहीये. पण नुसतं 'घेऊ नका' म्हणू नका, हिला पटेल असं काहीतरी सांगा.

बेलपाडा_ताई:
वहिनींना आठवडाभर मेट्रोने पाठवून बघा. बेलापूरला हार्बर लोकल, वाशीला उतरून एनएमएमटीची बस नाहीतर चालत. सायन-पनवेल हायवेला कारचा वेळ रोज वेगळा लागतो, आणि सेक्टर १७ ला पार्किंग शोधायचं ते वेगळंच.

पण तुमचं खरं दुखणं सेक्टर १२ आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये तेच होतं. ऑफिसला सगळे लोकलने, आणि संध्याकाळी एकेका पोराला सोडायला एकेक कार! शेवटी त्याच क्लासच्या चार घरांनी पाळ्या लावल्या. ज्याची पाळी त्याने सगळ्यांना न्यायचं, आणायचं. सुरुवातीला कुरकुर झाली (एक बाबा दर पाळीला मीटिंगमध्ये), आता सुरळीत आहे. आईंसाठी ओळखीचा एकच रिक्षावाला ठरवा. खारघरमध्ये मीटरची आशा धरू नका, भाडं आधी बोलून घ्या.

आणि दुसऱ्या गाडीचा हप्ता, विमा, सर्व्हिसिंग, पेट्रोल कागदावर मांडा. शेजारी महिन्याचा रिक्षाखर्च. नवऱ्याचं नाही ऐकलं तरी कागदाचं ऐकतील.

डोंगराकडचा:
हे जुलैत सांगा. पांडवकड्याकडून पाऊस आला की रिक्षा गायब. पोरांना चालत न्यावं तर फुटपाथवर कुठे विजेची डीपी, कुठे उभी केलेली बुलेट. रस्ते ऐसपैस, म्हणून गाड्या सुसाट आणि ओलांडताना जीव मुठीत. आम्ही इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. साध्या प्लगवर चार्ज होते, कारशेजारच्या फटीत मावते. भाजी, औषधं, क्लास, सगळं त्यावर. भर पावसात मात्र नाही.

वाघबीळकर:
ठाण्याहून बोलतोय, राग मानू नका. तुमची बेलापूर-पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली, ११ किलोमीटर, ११ स्टेशनं. आम्ही घोडबंदर रोडवर मेट्रोचे नुसते खांब मोजण्यात वर्षं घालवली. टीएमटीची बस कारच्याच कोंडीत अडकते. मग माणूस म्हणतो, अडकायचंच तर स्वतःच्या एसीत अडकू. त्याने कोंडी आणखी वाढते. बसला वेगळी लेन मिळत नाही तोवर हे असंच. तुम्हाला कोंडी टाळून जाणारं वाहन दारात आहे, वापरा हो.

पेठपाडावाला:
ताई, कागद मांडला. हप्त्याचा आकडा बघून ही गप्प झाली, पण लगेच विचारते, ऑफिसात उशीर झाला तर? मेट्रो रात्री दहाच्या सुमारास बंद होते.

बेलपाडा_ताई:
मग त्या दिवशी खारघर स्टेशनला उतरायचं आणि तुम्ही न्यायला जायचं. एक गाडी आहे ना घरी!