तिसऱ्या (खाडीतल्या शिंपल्या) रात्रभर पाण्यात ठेवल्या की आतले जिवाणू निघून जातात का?

खाडीकाठचा:
आमच्याकडे बाजारातून आणलेल्या तिसऱ्या रात्रभर पातेल्यात पाणी घालून ओट्यावर ठेवतात. सकाळी तळाशी वाळू दिसते आणि आई म्हणते की वाळूबरोबर घाणही गेली. समुद्रातले व्हिब्रिओ जातीचे रोगकारक जिवाणू शिंपल्यांत साठतात, असे अलीकडे वाचले. मला पडलेला प्रश्न असा की, शिंपला दिवसभर पाणी आत घेतो आणि बाहेर सोडतो, तर एवढे बारीक जिवाणू त्या पाण्याबरोबरच बाहेर का पडत नाहीत?

सूक्ष्मदर्शी:
सुटे असतील तर बरेचसे बाहेर पडतातच. जिवाणूची लांबी साधारण एक-दोन मायक्रोमीटर असते, आणि कालवाचे कल्ले पाच-सहा मायक्रोमीटरहून मोठे कण जवळपास सगळे अडवत असले तरी एवढा बारीक कण त्यांच्या हाती क्वचितच लागतो. मात्र समुद्रात जिवाणू नेहमी सुटे राहत नाहीत. मेलेली शेवाळे, सूक्ष्म प्राण्यांची विष्ठा आणि चिकट स्राव एकमेकांना धरून जे भुरे पुंजके तयार होतात, त्यांना अभ्यासक ‘सागरी हिम’ म्हणतात, आणि त्यांवर जिवाणूंची दाट वस्ती असते. व्हिब्रिओला तर कायटिनची, म्हणजे अशा प्राण्यांचे कवच ज्याचे बनते त्या पदार्थाची, विशेष ओढ आहे. कोपेपॉड या पाण्यातल्या चिमुकल्या कवचधारी प्राण्यांच्या अंगावर तो आधी केसांसारख्या तंतूंनी टेकतो, मग कायटिनला धरणाऱ्या प्रथिनाने घट्ट बसतो आणि पुढे तेच कायटिन विकरांनी फोडून खातो. असा कण कल्ल्यात सहज अडकतो, स्रावात गुंडाळला जाऊन तोंडाकडे सरकतो आणि त्याच्याबरोबर जिवाणूही पोटात जातो. प्रयोगशाळेत पुंजक्यांत मिसळून दिलेले जिवाणू शिंपल्यांनी सुट्या जिवाणूंपेक्षा जास्त प्रमाणात आत घेतल्याचे दिसले आहे. नको असलेले काही कण शिंपला तोंडापाशीच गोळी करून टाकून देतो, त्यामुळे अडकलेले सगळेच पोटात जाते असेही नाही.

गाळणी:
याच तत्त्वाचा उलटा उपयोग बांगलादेशात झाला. अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या ‘मतलब’ नावाच्या भागातल्या गावांत पिण्याचे पाणी जुन्या सुती साडीच्या चार घड्यांतून गाळायला सांगितले, आणि 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिथे पटकीचे रुग्ण जवळपास निम्म्याने घटले. पटकीचा जिवाणूही व्हिब्रिओच; तो सुटा असला तर साडीतून आरामात पार होतो, पण कोपेपॉडवर बसलेला होत नाही. जुनी साडी एवढ्यासाठी की धुऊन धुऊन तिचे धागे फुलतात आणि छिद्रे बारीक होतात. साडीत अडकलेले आपण धुऊन टाकतो, कालव मात्र ते खाते.

मालवणकर:
आता पातेल्याकडे येऊ. गोड्या पाण्यात तिसरी शिंपा घट्ट मिटून घेते, म्हणून वाळू काढायची तर मिठाचे पाणी लागते. पण वाळू निघाली म्हणजे जिवाणू निघाले असे समजू नये. परदेशांत शुद्धीकरण केंद्रांत अतिनील किरणांनी निर्जंतुक केलेले समुद्राचे पाणी शिंपल्यांवरून दीड-दोन दिवस फिरवतात. त्याने मैल्यातले ई. कोलाय जिवाणू झपाट्याने कमी होतात, पण आतड्यात ठाण मांडलेला व्हिब्रिओ चिवटपणे टिकतो. उलट, आपल्याकडच्या उकाड्यात ओट्यावर रात्र काढली तर तो वाढतोच, कारण अनुकूल उष्णतेत व्हिब्रिओ पॅराहीमोलिटिकस दहा-बारा मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. वाळू काढायला दोन-तीन तास पुरेत. त्यानंतर तिसऱ्या बर्फात किंवा फ्रिजमध्ये ठेवाव्यात.

खाडीकाठचा:
सविस्तर उत्तरांबद्दल आभार. आम्ही एकशिपी (तिसऱ्या उघडून मांस एकाच शिंपेत ठेवून केलेले कालवण) करताना कोकमे भरपूर घालतो. त्या आंबटपणाने काम भागेल का?

सूक्ष्मदर्शी:
आंबटावर विसंबू नये, लिंबावरही नाही. खात्रीचा उपाय उष्णताच. उकडून उघडणार असाल तर शिंपा उघडली की लगेच गॅस बंद न करता पुढे तीन ते पाच मिनिटे उकळू द्यावे, आणि ज्या उघडणार नाहीत त्या टाकून द्याव्यात. विळीवर आधीच उघडलेल्या एकशिपीत तशी खूण मिळत नाही, म्हणून तिथे झाकण ठेवून मांस पूर्ण शिजेपर्यंत वाफ द्यावी. घरात यकृताचा आजार असलेले कोणी असेल तर त्यांना कच्ची किंवा अर्धवट शिजलेली कालवे मुळीच देऊ नयेत, कारण व्हिब्रिओ व्हल्निफिकस अशा रुग्णांच्या रक्तात पसरला तर जवळपास निम्मे दगावतात. आणि ज्या विळीवर तिसऱ्या उघडल्या, तिच्यावर न धुता कोशिंबिरीची काकडी चिरू नये.