जुन्या ई-टू-ओ प्लसमध्ये वापरलेली मोठी बॅटरी बसवलीय का कुणी?

गुहागरचा_बाबू
नमस्कार मंडळी, माझ्याकडे महिंद्राची ई-टू-ओ प्लस ही इलेक्ट्रिक गाडी आहे, २०१७ ची, पी६ म्हणजे ४८ व्होल्टवाली, पुण्यातल्या एका काकांकडून सेकंडहँड घेतलेली. नवीन असताना कंपनी ११० किलोमीटर सांगायची, आता साठ-पासष्ट मिळतात, पावसात वायपर लाइट ब्लोअर सगळं चालू असलं की त्याहून कमी. घर गुहागरला, छोटं होमस्टे आहे, पाहुणे चिपळूण स्टेशनला उतरतात, एका बाजूला पंचेचाळीसेक किलोमीटर होतात. मार्गताम्हाने गेलं की काट्याकडे बघत बघतच चालवायची आणि मग मेव्हण्याच्या दुकानात वायर टाकून बसायचं. पाहुण्यांना काय सांगणार, थांबा जरा गाडी जेवतेय म्हणून?

तर चिपळूणला एक जण सोलर प्लँटमधून काढलेले २८० एएचचे (अँपिअर-तास) एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट सेल देतोय, १६ नग, ८० हजार सांगतोय. म्हणतो १४ युनिटची बॅटरी होईल, दीडशे किलोमीटर आरामात. दुसरा मित्र म्हणतो ठोकलेल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी शोध, ती तर ३० युनिटची. कुणी केलंय का असं काही? बॉडी एकदम मस्त आहे, मोडीत द्यायला जीव होत नाही.

सोलरवाला_कुडाळ
१६ गुणिले ३.२ व्होल्ट गुणिले २८० म्हणजे १४.३ युनिट, त्याचा हिशोब बरोबर आहे, पण तो नव्या सेलचा. प्लँटमधून काढलेत म्हणजे ८० टक्के शिल्लक असले तरी नशीब समजा, मग हातात आले साडेअकरा युनिट. तुमची मूळ बॅटरी नवीन असताना दहा-अकराचीच होती की. म्हणजे ८० हजार देऊन, डबा नवीन बनवून, ब्रॅकेट वेल्डिंग करून तुम्ही पोचणार कुठे, तर गाडी शोरूममधून निघाली तिथे. ते वाईट आहे असं नाही, गुहागर-चिपळूण-गुहागर होऊन जाईल, पण दीडशे विसरा.

दुसरी गोष्ट, आणि ही तो विकणारा सांगणार नाही. सोलरचे सेल हळू हळू करंट द्यायला बनवलेले असतात. २८० एएचच्या सेलमधून १४० अँपिअर सतत घेतला तर तो खूश, २८० पर्यंत ओढताण, त्याच्या पुढे नको. तुमची मोटर १९ किलोवॅटची, ४८ ने भागा, चढावर पाय दाबला की ४०० अँपिअरच्या आसपास मागते. नवीन सेल एखादवेळ सहन करतील पण जुन्या सेलचा इंटर्नल रेझिस्टन्स (आतला विरोध) वाढलेला असतो त्यामुळे व्होल्टेज धपकन खाली येणार, कंट्रोलरला वाटणार बॅटरी संपली आणि तो पॉवर कापणार, नेमका चढावर, मागे एसटी. सपाटीला मात्र गाडी मख्खन चालेल म्हणून ट्रायल घेताना कळतच नाही. ट्रायल घ्यायची तर मागे तीन माणसं बसवून चढावर घ्या.

वाशिष्ठीकाठचा
चिपळूणचा माल म्हटल्यावर माझा पहिला प्रश्न, २२ जुलै २०२१ ला, चिपळूणला पूर आला तेव्हा, हे सेल कुठे होते? हसू नका. त्या पुरानंतर इथे पाण्यात बुडालेल्या इन्व्हर्टर बॅटऱ्या, यूपीएस, काय काय धुऊन पुसून बाजारात आलं ते डोळ्यांनी पाहिलंय. सेल वरून पुसले की चकाचक दिसतात. टर्मिनलच्या बोल्टच्या खाली बघा, बसबार (सेल जोडणारी पट्टी) काढून. तिथे हिरवट पांढरी बुरशीसारखी पूड असेल, सेलच्या निळ्या प्लॅस्टिकच्या आत चिखलाची बारीक रेघ दिसत असेल तर हात जोडून घरी या. वरच्या सेफ्टी व्हॉल्व्हची पातळ चकती फुगलेली किंवा फाटलेली नको. आणि सेल एकाला एक लावून टेबलावर उभे करा, पोट सुटलेला लगेच कळतो, मध्ये फट राहते.

तुमच्याकडे तर समुद्र दारात, खाऱ्या हवेने कॉपरचे बसबार सहा महिन्यांत काळे पडतात. निकेल प्लेटिंगवाले घ्या, काँटॅक्टला ग्रीस लावा, डब्याला रबरी गॅस्केट पाहिजेच.

देवगडचो_तात्या
माझा भाचा न्यूझीलंडला आहे, तिकडे जपानहून आलेल्या जुन्या निसान लीफ इलेक्ट्रिक गाड्या ढिगाने. २४ युनिटच्या पहिल्या मॉडेलमध्ये लोक नंतरच्या लीफची ४० युनिटची बॅटरी टाकतात, तीपण अपघातातल्या गाडीची. बाहेरचा आकार जवळजवळ तोच, सेलची सिरीज तीच म्हणून व्होल्टेज तेच, फक्त मध्ये एक छोटं कॅन मॉड्यूल लावतात जे नव्या बॅटरीची भाषा जुन्या गाडीला समजेल अशी करून देतं. रेंज दीडपटीच्या वर जाते म्हणतो. मग आपल्याकडे नेक्सॉनचं का नाय होणार? तुमका सांगतंय बाबूनू, मित्र बरोबर बोलतोय.

सोलरवाला_कुडाळ
तात्या, लीफमध्ये लीफचीच बॅटरी जाते म्हणून ते जमतं. नेक्सॉनचा पॅक ३२० व्होल्टच्या घरातला, बाबूची गाडी ४८ ची. मोटर, कंट्रोलर, चार्जर, डीसी-डीसी कन्व्हर्टर काहीच जुळणार नाही. आणि तो पॅक फोडून सेल वेगळे करून ४८ बनवू म्हणाल तर आधी ३२० व्होल्ट डीसीचं झाकण उघडावं लागेल, ते काम ज्याला येतं तो आपल्या गॅरेजमध्ये नसतो. लीफसारखं आपल्याकडे करायचंच तर जुन्या नेक्सॉनच्या ३०.२ युनिटच्या जागी नेक्सॉन ईव्ही मॅक्सची ४०.५ ची, पण ती पण नुसती बोल्ट मारून होत नाही, पॅक मोठा आणि जड, कंपनीनेच मॅक्सची सस्पेन्शन बदलली होती.

लीफच्या गोष्टीतून बाबूने घ्यायचं ते एकच, गाडीच्या कॉम्प्युटरला नवीन बॅटरी कळली पाहिजे. ई-टू-ओचा ईएमएस, म्हणजे बॅटरीचा हिशोब ठेवणारा कॉम्प्युटर, किती एएच गेले ते मोजत बसतो. आत २८० टाकले आणि तो जुन्याच आकड्याने मोजत राहिला तर डब्यात माल शिल्लक असून काटा शून्यावर. एलएफपीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात इतकं सपाट असतं की मीटर लावूनही अंदाज येत नाही. वेगळा बीएमएस (सेल सांभाळणारं सर्किट) आणि शंटवाला, म्हणजे करंट मोजणारा, बॅटरी मॉनिटर डॅशबोर्डला लावा, साधा सोलरचा चालतो.

कुणी १४ सेलचा एनएमसी, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या लिथियम सेलचा, पॅक गळ्यात मारायला आला तर तेही ऐकून ठेवा. १४ गुणिले ४.२ म्हणजे ५८.८ आणि १६ एलएफपी गुणिले ३.६५ म्हणजे ५८.४, फुल चार्जचं व्होल्टेज जवळजवळ सारखं म्हणून "डायरेक्ट बसतं" असं सांगतात. एनएमसीचा आकडा ०.४ जास्त आहे म्हणून जुना चार्जर चालतो खरा, पण एनएमसी तापला तर एलएफपीपेक्षा कितीतरी वाईट पेटतो, आणि तो तुमच्या सीटखाली असणार.

लांज्याची_मनीषा
टेक्निकल चाललंय ते ठीक पण पाहुणे बसवणार आहात ना? मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२, आरसीवर कंपनीने दिलेल्या माहितीपेक्षा वेगळं काही होईल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. गाडीला काही झालं तर इन्शुरन्सवाले पहिलं हेच शोधतील, क्लेम तिथेच लटकला. आधी इन्शुरन्सला लेखी विचारा, फोनवर "हो हो चालेल" म्हणणाऱ्यावर जाऊ नका. आणि जुनी बॅटरी निघेल ती भंगारवाल्याला नको, २०२२ च्या बॅटरी वेस्ट नियमांप्रमाणे ती बॅटऱ्या गोळा किंवा रिसायकल करणाऱ्या संस्थेकडेच जायला पाहिजे.

गुहागरचा_बाबू
बापरे, एवढं डोक्यात नव्हतं. तात्या रागावू नका, नेक्सॉन बाद. मग सोलरवाले दादा, आता करू काय ते सांगा, त्या माणसाने रविवारपर्यंत थांबतो म्हटलंय.

सोलरवाला_कुडाळ
थांबू दे, असे सेल रोज येतात.

आधी स्वतःचा पॅक उघडा. सेल सिरीजमध्ये असतात त्यामुळे एक मेला की सगळी बॅटरी तेवढीच. फुल चार्ज करून प्रत्येक सेलचं व्होल्टेज लिहा, मग साठ किलोमीटर फिरून परत लिहा. बाकीचे ३.१-३.२ वर आणि दोन जण २.७ ला आले असतील तर तुमचा आजार तेवढाच, तेच दोन त्याच एएचचे आणि त्याच मेकचे बदला, बीएमएसला सगळे सेल बॅलन्स म्हणजे सारखे करायला दोन-चार रात्री द्या. पान्याला टोकापर्यंत इन्सुलेशन टेप गुंडाळा, हातातली अंगठी, घड्याळ, गळ्यातली चेन काढून ठेवा. ४८ व्होल्टचा शॉक फार नाही पण पाना दोन टर्मिनलवर आडवा पडला तर वितळतो. आणि हो, जॅक लावलाच आहे तर चाकं हाताने फिरवून बघा, खाऱ्या हवेत ब्रेक चिकटतात आणि लोक बॅटरीला शिव्या देतात.

सगळेच सेल बसलेले निघाले तर मग चिपळूणला जा. ४८ व्होल्टचा सोलर इन्व्हर्टर आणि २ किलोवॅटचा गीझर घेऊन जा, साधारण ४३ अँपिअर ओढेल. पहिला सेल २.८ ला येईपर्यंत चालवा, तास गुणिले अँपिअर म्हणजे हातात किती एएच ते. सव्वापाच तासांच्या आत कोसळला तर ते ८० टक्के नाहीत, भाव त्या हिशोबाने पाडा. इतका वेळ टेस्ट करू देत नाही म्हणाला तर उत्तर मिळालंच.

वाशिष्ठीकाठचा
गीझर माझ्याकडचा घ्या, स्टेशनपासून पाच मिनिटांवर आहे घर. मेसेज टाका.