आई-बाबांच्या लग्नाची पन्नाशी, गच्ची आणि चार प्रकारची वाइन: जरा सांभाळून घ्या

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं पूर्ण होतायत. हॉल वगैरे नको म्हणाले दोघंही. गंगापूर रोडच्या घराच्या गच्चीवर मांडव, सव्वीस माणसं, आचारी ओळखीतला. इथवर सगळं ठरलंय. घोडं अडलंय ते बाबांच्या हट्टापाशी. त्यांना वाइन हवी आहे. आणि एक नाही, 'तीन-चार प्रकारची, चव घेऊन बघायला'.

त्यांचं म्हणणं असं: "जन्म नाशकात गेला. मुंबई-पुण्याची पोरं गाड्या करकरून गंगापूर धरणाकडच्या वायनऱ्यांत वाइन प्यायला येतात आणि आपण इथे राहून रमचे दोन पेग!" बाबा प्रेसमधून निवृत्त झाले. ऐंशीच्या दशकात कुणा साहेबाने पार्टीला नारायणगावची ओमर खय्याम नावाची फसफसणारी वाइन आणली होती, तिचं बूच उडून ट्यूबलाइटला लागलं, ही गोष्ट मी लहानपणापासून शंभर वेळा ऐकली आहे. वाइनशी त्यांचा संबंध एवढाच.

आईने आजवर एकदाच चाखली. मागच्या वर्षी आम्ही तिला एका वायनरीत नेलं होतं, तिथे माझ्या ग्लासातली रेड. एक घोट घेतला, तोंड केलं आणि म्हणाली, "कोकम सरबत आहे गं हे, साखर घालायची विसरलेलं."

माझी भीती वेगळीच आहे. तीन वर्षांपूर्वी चुलतभावाच्या वास्तुशांतीनंतर, मे महिन्यात, त्याने हौसेने महागाची रेड आणली. बाटली दिवसभर गाडीच्या डिकीत. ओपनर धड नव्हता, बूच अर्धं तुटून आत गेलं, मग चहाच्या गाळणीतून वाइन गाळली. जोडीला झणझणीत मटण. कोमट, कडवट, त्यात तिखटाने जीभ पेटलेली. अर्ध्या लोकांनी ग्लास हळूच कुंडीत ओतले. ती तुळस नव्हती, एवढंच नशीब.

तर प्रश्न: पिणारी माणसं बारा. जेवणात कोथिंबीर वडी, अळूवडी, काळ्या मसाल्याचं मटण (बाबा), मसालेभात, वांग्याची भाजी, शेवटी पुरणपोळी आणि श्रीखंड. कोणती वाइन, किती, कशानंतर काय? बजेट मध्यम. परदेशी नको, बाबांना नाशिकचीच हवी.

बूचबहाद्दर

सहा वर्षं एका वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये उभा होतो, त्यामुळे तुमची कुंडी डोळ्यांसमोर आली. आमच्याकडे ती सोय होती, चाखून नको झालेली वाइन थुंकायचं-ओतायचं भांडं, 'स्पिटून' म्हणतात.

आधी हिशेब. बाटली ७५० मिलीची. चव घ्यायला माणशी ६० मिली पुरे, म्हणजे बारा जणांना ७२०. एका प्रकाराची एक बाटली बरोबर संपते. चार प्रकारांच्या चार बाटल्या, आणि जी आवडेल असं वाटतं तिच्या दोन-तीन जादा. लोक पहिल्याच वाइनने ग्लास काठोकाठ भरतात आणि तिसरीपर्यंत जीभ बधिर. भरायचं काम एकाच माणसाकडे द्या, आणि तो माणूस बाबा नकोत.

क्रम: फसफसणारी (स्पार्कलिंग), मग पांढरी, मग रेड, शेवटी गोड. हलकीकडून जडकडे. उलट केलंत तर रेडनंतर पांढरी पाण्यासारखी लागते.

आता तुमचा स्वयंपाक. वडे-वड्या तळलेल्या, त्यांना स्पार्कलिंगसारखं काही नाही. आंबटपणा आणि बुडबुडे मिळून तेलाचा थर जिभेवरून धुऊन काढतात. दिंडोरीला शांदाँची वायनरी आहे, सुलाचीही मिळते, दोन्हीतली कुठलीही ब्रूट, म्हणजे गोड नसलेली, घ्या. मसालेभाताला शेनिन ब्लां ही पांढरी. नाशकात ही वाइन बरेचजण किंचित गोडसर ठेवतात, आणि तिखटापुढे तोच गोडवा कामाला येतो. सॉव्हिन्यॉन ब्लां ही दुसरी पांढरी चांगलीच, पण ती कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली. आईंना पुन्हा 'साखर विसरलेलं' वाटेल.

मटण आणि रेड हा खरा घोटाळा. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून रेडमध्ये टॅनिन उतरतं, हिरडीला तुरट ओढ बसते ती त्यामुळे. तिखट, टॅनिन आणि १३-१४ टक्के अल्कोहोल एकत्र आलं की आग. तुमच्या भावाची वाइन वाईट नसणार, जुळणी वाईट होती. लाकडी पिंपात फार न ठेवलेली, फळाची चव असलेली शिराझ घ्या आणि आचाऱ्याला सांगा, मसाला काळाच ठेव पण तिखट निम्मं कर. काळ्या मसाल्यातल्या दगडफूल-लवंगेशी शिराझचं छान जमतं, भांडण असतं ते लाल तिखटाशी.

पुरणपोळीला एकच नियम: वाइन पदार्थापेक्षा गोड हवी, नाहीतर ती नुसती आंबट लागते. लेट हार्वेस्ट शेनिन मिळते. द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवून सुरकुतू देतात, रसातली साखर दाट होते, आणि ती सगळी आंबायच्या आत किण्वन थांबवतात. तरी पुरणपोळीपेक्षा श्रीखंडाबरोबर द्या. दह्याचा आंबटपणा मदतीला येतो.

दोन_एकर_निफाड

वरच्यांनी पिण्याचं सांगितलं, मी पिकवण्याचं सांगतो. बाबांना वाइनमधलं नाशिक बघायचं असेल तर ते बाटलीपेक्षा बागेत जास्त आहे.

आमच्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी (नव्या काड्या यायला), सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी (फळ धरायला). छाटण्या दोन, पीक एकच. फ्रान्स-इटलीत द्राक्ष सप्टेंबरच्या आसपास तोडतात, आपण जानेवारी ते मार्च. पावसाळा टाळून थंडीत पिकवायचं म्हणून. म्हणजे तुमच्या कार्यक्रमाच्या सुमारास वाइनच्या काळ्या जातींत मण्यात पाणी उतरायला लागलेलं असेल, हिरवा मणी एकेक करून जांभळा होतो. घडात तीन रंग एकदम दिसतात. सकाळी बाबांना एखाद्या ओळखीच्या बागेत घेऊन जा.

आणि वाइनचं द्राक्ष खाऊन पाहिलेलं माणूस विरळा. लोकांना वाटतं खायच्या थॉमसन द्राक्षाचीच वाइन होते. वाइनचा मणी वाटाण्याएवढा, साल जाड, आत बिया, आणि पिकल्यावर खायच्या द्राक्षापेक्षा गोड. आमची दोन एकर शिराझ होती. २००८ च्या मंदीनंतर ज्यांच्याशी करार होता त्यांनी माल उचलला नाही. वाइनचं द्राक्ष बाजारात कोण घेणार? त्या वर्षी बाग कुऱ्हाडीने काढली, आता पुन्हा थॉमसन. पण शिराझच्या बागेत मार्चमध्ये संध्याकाळी जो वास सुटायचा तो अजून कुठल्या ग्लासात मला सापडलेला नाही. असो. कार्यक्रमाला शुभेच्छा.

सरळमार्गी

पन्नास वर्षांच्या संसाराचा सोहळा आणि त्यात दारूची चर्चा? पन्हं द्या, कोकम द्या, मसाला दूध द्या. पुढच्या पिढीसमोर काय आदर्श ठेवतोय आपण?

गोदाकाठची

सरळमार्गी, चौदा जणांसाठी कोकम आहेच, आणि आईसाठीही. भाचा १९ चा आहे. वाइनसाठी वय २१ लागतं, तेव्हा त्याला फक्त बर्फ फोडायचं खातं दिलंय. परवान्याचंही दुकानात विचारून आलेय.

दोन_एकर, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. दोनदा वाचायला लावला.

बूचबहाद्दर, दोन शंका. फ्रीज एकच आहे आणि त्यात श्रीखंडाचं पातेलं. थंड कसं करू? आणि स्पार्कलिंग उघडताना ट्यूबलाइट कशी वाचवू?

र्‍हाइनकाठचा

मी जर्मनीत माइन्झला असतो, इथे वाइन म्हणजे घरचं ताक. तुम्हाला नाशिकचीच हवी आहे ते कळलं, तरी एक अनुभव. आमच्या मंडळाच्या दिवाळीत आम्ही फराळाबरोबर रीसलिंग ही इथली पांढरी वाइन ठेवतो. पहिल्या वर्षी सगळ्या बाटल्यांवर 'ट्रोकन' म्हणजे कोरडी लिहिलेलं होतं. चकलीबरोबर कुणाला रुचली नाही. पुढच्या वर्षी 'हाल्बट्रोकन' म्हणजे अर्धकोरडी, किंचित गोडसर आणली, तीच माणसं, तीच चकली, आणि नऊच्या आत बाटल्या रिकाम्या. तेव्हा शेनिनच्या गोडसरपणाबद्दल वर लिहिलंय ते खरं आहे.

आणखी एक. इथे ग्लास भिडवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं असतं, नाहीतर उद्धटपणा समजतात. आई-बाबांना करायला लावा, फोटो चांगला येईल.

बूचबहाद्दर

फ्रीज विसरा. मोठी बादली किंवा घंगाळ घ्या, निम्मा बर्फ, निम्मं पाणी, वर मूठभर मीठ. पाणी हवंच. नुसत्या बर्फात बाटलीला मधे मधे हवाच लागते, पाणी चहूबाजूंनी बिलगतं. पांढरी आणि स्पार्कलिंग वीस-पंचवीस मिनिटांत तयार. रेडला 'रूम टेंपरेचर' म्हणतात ते युरोपातल्या खोलीचं, सोळा-अठरा अंशांचं. तुमच्या भावाच्या मे महिन्यातल्या डिकीचं नव्हे. डिसेंबरात रात्री गच्चीवर रेड आपोआप बरोबर होईल, उलट फार गार पडायला नको.

ट्यूबलाइटबद्दल: स्पार्कलिंगच्या बाटलीत पाच-सहा अ‍ॅटमॉस्फियर दाब असतो, गाडीच्या टायरमधल्या हवेच्या दुपटीहून जास्त. गार असेल तर गॅस शांत राहतो, म्हणून आधी नीट गार करा. बुचावरच्या जाळीची तार सहा अर्धे वेढे फिरवली की सैल होते. तिथून पुढे अंगठा बुचावरून हलवायचा नाही. बाटली तिरकी धरा, बूच घट्ट पकडा आणि बाटली फिरवा, बूच नाही. ते आपणहून वर यायला लागेल, त्याला उलट दाबत सोडा. फट्ट नाही, फुस्स असा आवाज यायला हवा.

गोदाकाठची

(तीन आठवड्यांनी)

वृत्तांत द्यायचं कबूल केलं होतं.

सकाळी बाबा आणि मी दिंडोरी रस्त्याला एका ओळखीच्यांच्या बागेत गेलो. तिरंगी घड पाहिला. बाबांनी न विचारता एक हिरवा मणी तोंडात टाकला आणि पुढचा अर्धा तास दात आंबले म्हणून तक्रार.

बादली भाच्याने सांभाळली. मीठ जरा जास्तच घातलं, लेबलं सुटून पाण्यावर तरंगायला लागली, मग बाटल्या आकारावरून ओळखल्या. स्पार्कलिंग मीच उघडली. फुस्स. बाबांचा चेहरा पडला. "हे काय, उडालंच नाही!" मग त्यांनी ट्यूबलाइटची गोष्ट सगळ्यांना पुन्हा सांगितली, आणि सांगताना हातवारे एवढे केले की ग्लासातलं निम्मं सदऱ्यावर. अळूवडी आणि ती वाइन ही रात्रीची सगळ्यात झकास जोडी. चिंच-गुळाचा तो गोड-आंबट थर आणि वर बुडबुडे. वड्या दुसऱ्यांदा तळाव्या लागल्या.

शेनिन सगळ्यांत आधी संपली, जादाच्या दोन बाटल्यांसकट. शिराझबद्दल दोन तट पडले. आचाऱ्याने तिखट निम्मं केलं होतं, तरी प्रेसमधल्या एका काकांनी ग्लासात बर्फाचे तीन खडे आणि लिंबू सोडा घातला. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबांनी डोळ्यांनी गप्प केलं. काकांनी तीन ग्लास प्यायले.

आणि आई. डोळ्यांत बघून ग्लास भिडवायचं सांगितलं तर लाजून पदराने तोंड पुसायला लागली, फोटो हललेला आलाय. लेट हार्वेस्ट तिला चमचाभर दिली, श्रीखंडानंतर. जरा थांबली. म्हणाली, "हे मधासारखं आहे. हे आधी का नाही दिलंत?" मग स्वतःहून वाटी पुढे केली. ग्लास नाही, श्रीखंडाचीच वाटी.

अर्धी बाटली शिराझ उरली आहे. किती दिवस टिकेल?

बूचबहाद्दर

वाटीतून लेट हार्वेस्ट! सहा वर्षांत हे पाहिलं नव्हतं. शिराझला घट्ट झाकण लावा, फ्रीजमध्ये उभी ठेवा, तीन दिवसांत संपवा. आडवी नको, जास्त हवा लागते. नंतर मटणाच्या रश्शात घाला, वाया जात नाही.

गोदाकाठची

आईने आडवीच ठेवलीय, दुधाच्या पातेल्याला टेकवून. बघते उठून.