छोट्या पवनचक्कीचा पॉवर कर्व्ह कसा काढावा? सल्ला हवा

पठारकर
नमस्कार मंडळी. साताऱ्याजवळ पठारावर आमचं शेतघर आहे, उंची साधारण ११०० मीटर. वडिलांनी निवृत्तीच्या पैशातून तिथे १ किलोवॅटची पवनचक्की बसवली. पात्यांचा व्यास २.४ मीटर, खाली २४ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी बँक. वाऱ्याचा वेग, दिशा, बॅटरीचा व्होल्टेज आणि बॅटरीत जाणारा करंट यांची नोंद लॉगर दर १० सेकंदांनी मेमरी कार्डवर करतो. वर्षभराचा विदा साठलाय.

एक्सेलमध्ये फाइल अर्धीच उघडते. जेवढी उघडली तिचा पॉवर कर्व्ह, म्हणजे कुठल्या वेगाला किती वॉट असा आलेख काढला, तर नुसता ठिपक्यांचा ढग. ९-१० मीटर/सेकंद वाऱ्यालाही कित्येक ठिपके १०० वॉटच्या खाली! विक्रेता म्हणतो चक्की ठणठणीत आहे. वडील रोज विचारतात आणि माझ्याकडे उत्तर नाही. कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? दोष आहे की नाही हे आलेखावरून कळेल का?

विदाप्रेमी
एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. तुमच्या दिवसाला ८,६४० ओळी होतात, म्हणजे १२१ दिवसांत शीट भरली. लिब्रेऑफिसनेही सुटका नाही. थोडं पायथॉन (प्रोग्रामिंगची भाषा) शिकायची तयारी असेल तर त्यातलं विदा हाताळायचं पांडाज आणि आलेख काढायचं मॅटप्लॉटलिब घ्या, दोन्ही फुकट आहेत आणि वर्षभराची फाइल साध्या लॅपटॉपवर आरामात उघडते. रोज मोबाइलवर बघायचं असेल तर ग्राफाना हे डॅशबोर्डचं सॉफ्टवेअर छान, पण पॉवर कर्व्हसाठी मी ते सुचवणार नाही.

१० सेकंदांच्या नोंदी थेट मांडू नका. वाऱ्याचा झोत वेग मोजणाऱ्या मापकाला एका क्षणी लागतो, पात्यांना दुसऱ्या क्षणी, त्यामुळे जोड्याच चुकीच्या लागतात. मोठ्या चक्क्यांना १० मिनिटांची सरासरी घेतात, छोट्यांना १ मिनिटाची. मग ०.५ मीटर/सेकंदाचे कप्पे पाडून प्रत्येक कप्प्यातल्या वॉटची सरासरी काढायची. आयईसी ६१४००-१२-१ या पवनचक्क्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकाची पद्धत हीच आहे. मी सोबत मध्यकही (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) काढतो. दोन्हींत फार अंतर पडलं की त्या कप्प्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्यात असं समजायचं.

आणि महिन्याच्या सरासरी वेगावरून उत्पादनाचा अंदाज बांधू नका. अर्धा वेळ ३ आणि अर्धा वेळ ९ मीटर/सेकंद वारा असेल तर सरासरी ६ येते, पण ऊर्जा वेगाच्या घनावर चालते. ६ चा घन २१६, त्या दोन घनांची सरासरी ३७८.

नॅसेलवाला
पठारकर, सॉफ्टवेअर नंतर बघू. करंटचा सेन्सर नेमका कुठे बसवलाय? तुम्ही 'बॅटरीत जाणारा करंट' लिहिलंय म्हणून विचारतो. बॅटरी भरली की कंट्रोलर चक्कीची वीज डंप लोडकडे, म्हणजे जास्तीची वीज जिरवणाऱ्या हीटरकडे वळवतो. चक्की तेव्हाही जोरात फिरत असते, वीजही बनवत असते, पण सेन्सरला ती दिसत नाही. प्रत्येक ठिपक्याला बॅटरीच्या व्होल्टेजप्रमाणे रंग द्या. खालचे ठिपके २८ व्होल्टच्या वरचे निघाले तर चक्कीला दोष देऊ नका.

मी विंडफार्मवर बरीच वर्षं मेंटेनन्सला होतो. तिथेही स्काडाचा (मशीनच्या नोंदी ठेवणारी संगणक यंत्रणा) आलेख काढण्याआधी ग्रिड बंद, मेंटेनन्स आणि लोड कमी करण्याचा आदेश या वेळा बाजूला काढायचो. नाहीतर चांगल्या मशीनवर उगाच माणसं चढवावी लागतात.

वरची मर्यादाही तपासा. ११०० मीटरवर हवा विरळ असते, घनता साधारण १.०५ किलो प्रति घनमीटर धरा, समुद्रसपाटीचं १.२२५ नको. २.४ मीटर व्यासातून ८ मीटर/सेकंदाला जाणाऱ्या वाऱ्यात सुमारे १,२१५ वॉट असतात. बेट्झच्या मर्यादेनुसार त्यातले ५९.३ टक्केच काढता येतात, म्हणजे ७२० वॉट. छोटी चक्की याच्या निम्म्यापर्यंत गेली तरी उत्तम. ७२० च्या वर ठिपके दिसले तर वेगाच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

किनाऱ्यावरची
मापक कुठे लावलाय दादा? माझा देवगडला आधी गच्चीच्या कठड्यावर होता, त्यामुळे वर्षभराचा विदा वाया गेला. दिशेची नोंद आहे ना? मग दिशेचे ३०-३० अंशांचे भाग पाडून प्रत्येकाचा वेगळा कर्व्ह काढा. आडोसा कुठल्या बाजूने आहे ते लगेच कळेल.

लॉगरच्या घड्याळाचा सेलही बघा. तो संपला की तारीख मागे जाते आणि पावसाळ्यातल्या नोंदी भलत्याच वर्षात जाऊन बसतात.

पठारकर
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रात्री बसून पांडाज जमवलं. १ मिनिटाच्या सरासऱ्या, व्होल्टेजचे रंग. नॅसेलवाला काका, तुमचा अंदाज बरोबर निघाला. खालचे जवळजवळ सगळे ठिपके २८ च्या वरचे! ते काढले तर कर्व्ह सुरेख वर चढतो. वडिलांना स्क्रीनवर दाखवला, कितीतरी वेळ बघत होते.

पण ८ मीटर/सेकंदाला काही ठिपके ८०० वॉटवर आहेत. ताईंच्या सांगण्यावरून दिशा वेगळ्या केल्या, तर ते सगळे नैऋत्येच्या वाऱ्याचे. मापक पाण्याच्या टाकीच्या स्टँडवर आहे आणि टाकी नेमकी त्या बाजूला. म्हणजे पावसाळ्याचा सगळा वेग कमी मोजला गेलाय.

नॅसेलवाला
मग जून ते सप्टेंबरच्या नैऋत्येच्या नोंदी कर्व्हमधून वगळा, एकूण युनिट मोजताना मात्र ठेवा. मापक वेगळ्या खांबावर, चक्कीच्या हबच्या (पाती जिथे जोडलेली असतात तो मधला भाग) उंचीवर आणि व्यासाच्या अडीचपट अंतरावर हवा. तुमच्याकडे ६ मीटर. करंटचा दुसरा सेन्सर रेक्टिफायरनंतर (चक्कीच्या एसीचा डीसी करणारा भाग), डंप लोडचा फाटा फुटण्याआधी घाला.

पठारकर
खांबासाठी दीड इंची जीआय पाइप आणि तीन बाजूंनी ताण तारा पुरतील का? रविवारी वडील आणि मी खड्डा खणतोय.