सोलापूरचा उन्हाळा आणि गाडीचा एसी : आपापले अनुभव सांगा

मार्च संपता संपता आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, मे महिन्यात ४३ अंशांचंही कुणाला नवल वाटत नाही. अशा गावात गाडीचा एसी बंद पडला की लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन दुपारी बाहेर पडणं अवघड होतं. आमच्या गाडीत दर उन्हाळ्याच्या तोंडाला गॅस भरला जायचा. थोडे दिवस गारवा, मग पुन्हा गरम वारा. यंदा ज्या मेकॅनिककडे गेलो, त्यांनी गॅस भरण्याआधी विचारलं, "आधीचा गेला कुठं, ते बघू का?"

एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो, म्हणजे कमी झाला तर कुठून तरी बाहेर गेलाय. त्यांनी सिस्टिममध्ये नायट्रोजनचा दाब धरला आणि प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावलं. गाडीच्या तोंडाशी जी गॅस गार करणारी जाळी असते, त्या कंडेन्सरच्या जोडावर बारीक बुडबुडे आले. रबराची ओ-रिंग कडक होऊन चिरली होती. ती बदलली, व्हॅक्युम मारून आतली हवा काढली आणि बोनेटखालच्या स्टिकरवर जितके ग्रॅम लिहिलेत तितकाच गॅस काट्यावर मोजून भरला.

तुमच्या गाडीचं काय झालं होतं? बिलाचा आकडा नाही सांगितला तरी चालेल, लक्षणं मात्र नीट लिहा.

अक्कलकोट रोड एमआयडीसी

आमचा टॉवेलचा कारखाना आहे, गाडी दिवसभर लूमच्या शेडला लागून उभी असते. हायवेला एसी झकास चालायचा, सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलं की गरम वारा. बंपरची जाळी काढून बघितली तर कंडेन्सरवर सुताच्या कापसाचा थर आणि त्यावर धूळ बसून गोधडीच झालेली. गॅसमधली उष्णता बाहेर टाकायचं काम कंडेन्सरचं. पळत्या गाडीत समोरून वारा आदळतो म्हणून भागतं, उभ्या गाडीत सगळी भिस्त पंख्यावर. त्या थरातून हवाच जात नव्हती. साध्या पाइपानं, कमी दाबानं धुतलं. प्रेशरचं पाणी जवळून मारलं तर त्याच्या पातळ पट्ट्या वाकतात. गॅसला हातही लावावा लागला नाही. लूमच्या आसपास गाडी लावणाऱ्या सगळ्यांनी हे आधी बघावं.

पुणे लाइनला टुरिस्ट गाडी चालवतो

पेशंटला घेऊन पुण्याला निघालो होतो. मागच्या सीटवर आजी. सावळेश्वर टोल ओलांडून पुढं गेलो, मोहोळ मागं पडलं आणि एसीचा वारा हळूहळू कमी व्हायला लागला. ब्लोअर फुल्ल, आवाज येतोय, पण जाळीतून वारा नाही. आजींचा जीव घाबरा व्हायला लागला. कडेला सावलीत थांबलो, ओला टॉवेल दिला, पाणी पाजलं. थोड्या वेळानं गाडी चालू केली तर वारा पुन्हा जोरात!

नंतर कळलं, कूलिंग कॉइलवर, म्हणजे ज्यावरून जाऊन वारा गार होतो त्या जाळीवर, बर्फ धरत होता. कॉइल किती गार झाली हे सांगणारा सेन्सर गेला होता, त्यामुळं गॅस दाबून फिरवणारा कंप्रेसर थांबतच नव्हता. तासाभरानं वारा कमी होतो आणि एसी बंद करून नुसता ब्लोअर चालवला की परत येतो, असं झालं तर हे तपासा. केबिन फिल्टर धुळीनं गच्च झाला किंवा गॅस कमी पडला तरी असंच होतं.

विजापूर रोड

मला एका ठिकाणी सरळ सांगितलं होतं, "ताई, कंप्रेसर गेला, नवीन टाका." कंप्रेसर फिरत नव्हता हे खरं. पण गॅस फार कमी झाला की प्रेशर स्विच कंप्रेसरला चालूच होऊ देत नाही, कारण त्याचं तेलही गॅसबरोबरच फिरतं. ही गोष्ट मला दुसऱ्या मेकॅनिकनं समजावली. आमची गळती कूलिंग कॉइलला होती. ती डॅशबोर्डच्या आत असते, त्यामुळं अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागला. एवढं उघडलंच आहे म्हणून कॉइलमध्ये गॅस सोडणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि गॅसमधली ओल शोषणारा ड्रायर त्याच वेळी बदलून घेतला, पुन्हा तीच मजुरी कोण देणार? कंप्रेसर जुनाच आहे आणि उत्तम चालतोय. मोठा खर्च सांगितला की गेज लावून दाब दाखवा म्हणायचं, संकोच करायचा नाही.

बार्शी रोड

कंप्रेसरला फिरत्या पुलीशी जोडणारा-सोडणारा जो क्लच असतो, त्याची वायर उंदरांनी कुरतडली होती. जोडली, झालं.

जुळे सोलापूर, आयुष्यभर एसीचंच काम केलं

एक कळकळीनं सांगतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए गॅस असतो. स्वस्त पडतो म्हणून कुणी जळणारा गॅस भरून देत असेल, तर गाडी तिथून काढा. तो केबिनमध्ये गळला तर एका ठिणगीनं पेट घेईल. आर-१३४ए उणे २६ अंशांना उकळतो, अंगावर उडाला तर कातडी गोठते, डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. म्हणून घरी नळ्या सोडायच्या नाहीत. हवेत सोडला तर कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता धरतो, तेव्हा मशीननं ओढून घेणाऱ्याकडेच जा. आणि जादा गॅस म्हणजे जादा गारवा नाही. जास्त भरला तर दाब वाढून गारवा उलट कमी होतो.

होटगी रोड

काका, माझा प्रश्न आहे. सकाळी एसी एकदम गार. भर दुपारी बाजारात गाडी हळू चालली की कंप्रेसर सुटतो, गाडी थंड झाली की परत लागतो. गॅस तपासला, बरोबर आहे. पंखाही फिरतो.

जुळे सोलापूर

क्लचची गॅप वाढली असेल. क्लचची प्लेट झिजली की पुलीपासूनचं अंतर वाढतं. त्यात गरम झाल्यावर क्लचच्या कॉइलचं चुंबक कमी पडतं, मग प्लेट ओढली जात नाही. फीलर गेजनं, म्हणजे पातळ पात्यांच्या मापानं, गॅप मोजायला सांगा. बऱ्याच कंप्रेसरमध्ये आतली एक शिम, म्हणजे पातळ चकती, काढली की काम होतं. मोजायच्या आधी कुणी कंप्रेसर बदला म्हणालं तर थांबा, आणि गाडी दुपारीच दाखवा, सकाळी नेली तर दोष दिसणारच नाही.