नातवंडे बाणेरला, घर साताऱ्यात: निवृत्तीनंतर मुक्काम कोठे करावा?

प्रेषक: एक सभासद, शार्लट, अमेरिका (सासर सातारा)

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

येत्या जूनमध्ये यजमान निवृत्त होत आहेत. मी दोन वर्षांपूर्वीच झाले. आम्ही 1989 पासून या देशात आहोत, दोघांकडेही अमेरिकेचे नागरिकत्व आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणारे कार्ड) आहे. लेक आणि जावई दोन वर्षांपूर्वी पुण्याला परतले आणि बाणेरला राहू लागले. नातू सात वर्षांचा आहे, नात चार वर्षांची. ते गेल्यापासून हे घर आम्हाला खायला उठते, हे येथे मोकळेपणाने लिहायला हरकत नसावी.

परत जायचे, एवढे ठरले आहे. कोठे, यावर घरात रोज नव्याने चर्चा होते. लेकीच्याच सोसायटीत एक फ्लॅट विकाऊ आहे आणि तिचे म्हणणे असे की लिफ्टने दोन मजले उतरले की नातवंडे. दुसरीकडे साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या पेठेत, सासऱ्यांचे जुने दुमजली घर आहे. तळमजल्यावर दीर आणि जाऊबाई राहतात, वरचा मजला आमच्या वाट्याचा आहे. यजमानांचा जीव त्या घरात आणि माझा नातवंडांत. त्यातच जावयांना त्यांच्या कंपनीकडून बंगळूरचे बोलावणे अधूनमधून येत असते, त्यामुळे आम्ही फ्लॅट घ्यावा आणि त्यांनी बिऱ्हाड हलवावे, अशी धास्ती मला वाटते.

ज्यांनी हे केले आहे, त्यांनी अनुभव सविस्तर कळवावा. औषधपाण्याची आणि पैशाची बाजू कशी सांभाळली, हेही कृपया लिहावे.

आपली,
शार्लटची सभासद

*

प्रेषक: एक माजी सभासद, सातारा

ताई, सप्रेम नमस्कार,

न्यू जर्सीत 31 वर्षे काढून आम्ही काही वर्षांपूर्वी परतलो, आणि आपल्यासमोर आज जो फ्लॅट आहे तसाच एक फ्लॅट आम्ही मुलाच्या इमारतीत, कोथरूडला, घेतला होता. तेथे आम्ही दीड वर्ष राहिलो. कोणाशी भांडण झाले नाही, कोणी वाईट वागले नाही, तरीही आम्ही तेथून का निघालो हे सांगितले तर आपल्या उपयोगी पडेल. त्या दीड वर्षात आमचे घर ही किल्ल्या ठेवण्याची जागा झाली होती. पोळ्यांच्या बाईंची किल्ली, गॅसवाला, कुरिअर, आणि तीन वाजून दहा मिनिटांनी येणारी शाळेची बस. नातू रोज वर येई, पण दप्तर टाकून वीस मिनिटांत अबॅकसच्या क्लासला जाण्यासाठी. सूनबाई दमून येत. त्यांना मुलाला घेऊन घरी जायची घाई असे, आणि ते साहजिकच होते. आम्ही हाताशीच असल्यामुळे मुद्दाम आम्हाला भेटायला यावे असे कोणालाच वाटत नसे. पुण्यात आमचे स्वतःचे असे काहीच नव्हते, ही त्यातली खरी अडचण होती. संध्याकाळी जिन्यात पावले वाजली की आम्ही दोघे दाराकडे बघत असू.

मग आम्ही साताऱ्याचे घर राहण्याजोगे करून घेतले आणि इकडे आलो. पुणे येथून साधारण 110 किलोमीटर आहे. स्वारगेटची विनाथांबा एसटी बरी पडते. वाटेत खंबाटकीचा घाट आहे, आणि शनिवारी दुपारी तेथे वाहने तुंबली तर दोन-सव्वादोन तासांचे साडेतीन होतात. स्वारगेटहून बाणेर गाठायला पुढे आणखी तासभर लागतो, तोही आपण हिशेबात धरावा. एसटीत 65 वर्षांवरील ज्येष्ठांना निम्मे तिकीट आणि 75 वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे. आम्ही त्यासाठी आधार कार्ड दाखवतो; ओसीआय धारकाला ते अर्जाच्या आधीच्या बारा महिन्यांत भारतात 182 दिवस राहिल्यावरच काढता येते, हे लक्षात ठेवावे.

नातू आता महिन्यातून दोनदा, शुक्रवारी रात्री येतो. नऊ वर्षांचा आहे. गेल्या पावसाळ्यात त्याच्या आजीने त्याला वीस रुपये देऊन कोपऱ्यावरून कोथिंबिरीची जुडी आणायला पाठवले. पुण्यात तो सोसायटीच्या फाटकाबाहेर एकटा कधी गेलेला नाही. मी गॅलरीतून बघत होतो. तो दोनदा मागे वळून बघत गेला, आणि भाजीवाल्या मावशींनी त्याला ‘कुणाचा रे तू?’ असे विचारल्यावर त्याने आमच्या घराकडे बोट दाखवले. परत आल्यावर जुडीबरोबर दोन लिंबे टेबलावर ठेवून त्याने हिशेब दिला, की जुडी पंधराची होती, मावशींकडे पाच रुपये सुटे नव्हते, म्हणून लिंबे. ती लिंबे त्याने दुसऱ्या दिवशी पुण्याला नेली. दीड वर्ष दोन मजल्यांच्या अंतरावर राहून मला त्याचा असा एकही उद्योग बघायला मिळाला नव्हता.

आता व्यवहाराचे. मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांसाठीचा अमेरिकेचा सरकारी आरोग्य विमा, भारतात चालत नाही. तरीही त्याचा भाग ‘बी’ (डॉक्टरांच्या खर्चाचा भाग, ज्याचा दरमहा हप्ता भरावा लागतो) सोडण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा, कारण हप्ता बंद करून पुढे कधी परत जावे लागले तर विम्याविना गेलेल्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्त्यात 10 टक्क्यांची कायमची वाढ होते. 2025 साली तो हप्ता महिना 185 डॉलर होता, म्हणजे दोघांचे मिळून वर्षाला साडेचार हजार डॉलरच्या आसपास. आम्ही तीन वर्षे भरला आणि मग सोडला. भारतातील आरोग्य विमा मात्र आल्याआल्या घ्यावा. 2024 पासून नियम बदलले असून केवळ वय 65 च्या पुढे गेले म्हणून कंपनीने दार बंद करावे अशी स्थिती आता राहिलेली नाही, परंतु आधीपासूनच्या आजारांसाठी 36 महिन्यांपर्यंत थांबावे लागू शकते. हे महिने जितके लवकर सुरू होतील तितके बरे. भारतात 70 वर्षांवरील सर्वांना 5 लाख रुपयांपर्यंतच्या मोफत उपचारांचे सरकारी आयुष्मान कार्ड मिळते, असे नातेवाईक सांगतील. भारतीय नागरिकत्व सोडलेल्या आपण मंडळींनी ते हिशेबात धरू नये.

प्राप्तिकराच्या बाबतीत, मागील 10 वर्षांपैकी 9 वर्षे अनिवासी असलेल्याला परतल्यानंतर साधारण दोन-तीन वर्षे परदेशातील उत्पन्नावर भारतात कर लागत नाही. त्या मुदतीत तिकडची गुंतवणूक आवरून घ्यावी. अमेरिकेचे विवरणपत्र मात्र नागरिक असेपर्यंत भरावेच लागते, आणि भारतातील खात्यांची एकूण रक्कम वर्षात कधीही 10,000 डॉलरच्या वर गेली तर तीही कळवावी लागते.

घराविषयी दोन शब्द, कारण मी त्याच पेठांत राहतो. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) यजमानांचे नाव लागले आहे ना, आणि वरचा मजला ‘वाट्याचा’ असल्याचे नोंदणी केलेले वाटणीपत्र आहे ना, हे दिरांशी संबंध उत्तम आहेत तोवरच बघून घ्यावे. वारसाहक्काने आलेले घर ठेवायला ओसीआयची आडकाठी नाही. शेतजमीन, मळ्याची जमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही, एवढेच. पावसाळ्यात जुन्या भिंतींना ओल धरते. सातारा हे चढउताराचे गाव आहे, आणि जुन्या घरांचे जिने त्याहून उभे. न्हाणीघर आणि संडास वरच नसेल तर बाकीचे सगळे विचार बाजूला ठेवून आधी ते बांधावे. रोजच्या दुखण्याला येथे डॉक्टर उत्तम आहेत. मोठ्या शस्त्रक्रियेला आम्ही कराड किंवा पुणे धरतो.

माझे मत विचाराल तर फ्लॅट घेऊ नये.

आपला,
सातारकर

*

प्रेषक: एका सभासदाची आई, सांगली

सौ. ताई आणि सातारकर भाऊ यांस नमस्कार,

मुलाकडे टोरांटोजवळ असताना त्याने माझे नाव सभासदांच्या या यादीत घातले होते, ते अजून आहे, म्हणून लिहिते. भाऊंचे पत्र वाचून समाधान वाटले, पण त्यांचा हिशेब धडधाकट गुडघ्यांचा आणि मोटार चालवता येणाऱ्या डोळ्यांचा आहे, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते. शिवाय मुलांना ताप शनिवार बघून येत नाही. चार वर्षांच्या मुलीला रात्री कान दुखून झोप लागत नाही, सकाळी तिच्या आईची मीटिंग असते, आणि तेव्हा साताऱ्याची आजी स्वारगेटला उतरून बाणेरला पोहोचेपर्यंत दुपार झालेली असते.

आम्ही 2023 साली कॅनडाच्या सुपर व्हिसावर (आईवडिलांना मुलांकडे दीर्घकाळ राहू देणाऱ्या व्हिसावर) गेलो होतो. 2022 च्या जुलैपासून त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते, आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा वैद्यकीय विमा काढावा लागतो. नातवाबरोबर एकाच घरात आम्ही चौदा महिने राहिलो. तो माझ्याशी मराठीच बोलू लागला होता. मोजे घालताना ‘आजी, उलटा झालाय’ असे म्हणे. ते महिने मला कोणत्याही शनिवारी मिळाले नसते. परत यावे लागले ते यांच्या गुडघ्यांमुळे, कारण तो विमा अचानक उद्भवलेल्या दुखण्यासाठी असतो, जुन्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया त्यात बसत नाही. ती येथे मिरजेला झाली. सांगलीतल्या आमच्या विश्रामबागेतून मिरज रिक्षाच्या अंतरावर आहे, आणि 1894 साली वान्लेस मिशन हॉस्पिटल सुरू झाल्यापासून त्या गावाला डॉक्टरांची सवय आहे. सांगलीत पुराची भीती मात्र असते: ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी 57 फुटांवर गेले, धोक्याची पातळी 45 फूट असताना; आमच्या दारापर्यंत ते आले नाही, पण गावभागातल्या माझ्या बहिणीचे बिऱ्हाड तीन आठवडे आमच्याकडे होते. म्हणून घर बघताना गावातल्या जुन्या माणसांना विचारावे. हे साताऱ्याला लागू नाही, मला कल्पना आहे. लिहिण्याच्या ओघात आले.

ताई, मला आपल्या पत्रात एक गोष्ट दिसली नाही. लेकीला नेमके काय हवे आहे, हे आपण तिला विचारले आहे काय? आई जवळ हवी, की मुलांना सांभाळायला खात्रीचे माणूस हवे? दोन्ही हवे असले तरी चालेल, परंतु तिने ते तोंडाने सांगितलेले बरे. आमच्याकडे ते कोणी कोणाला विचारले नाही, आणि पहिल्या हिवाळ्यात मी उगाच रुसून बसले.

आपली,
सांगलीच्या आजी

*

प्रेषक: एक सभासद, शार्लट

आदरणीय काका आणि आजी,

दोन्ही पत्रे आम्ही दोघांनी मोठ्याने वाचली. यजमानांनी त्याच रात्री दिरांना मिळकत पत्रिकेची प्रत पाठवायला सांगितले. तिच्यावर अजून सासऱ्यांचेच नाव आहे, असे निघाले. दीरही चकित झाले.

आजी, आपला प्रश्न मी लेकीला रविवारी फोनवर विचारला. ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “दोन्ही. पण आई जास्त.” नंतर तिनेच सांगितले की तिला मंगळवारी आणि बुधवारी कचेरीत जावेच लागते, आणि घर खरे तर त्या दोन दिवसांत कोलमडते.

तेव्हा तूर्त असे ठरवले आहे. येथील घर वर्षभर भाड्याने द्यायचे, विकायचे नाही. भाग ‘बी’ चालू ठेवायचा. ऑक्टोबरअखेर साताऱ्याला वर राहायला जायचे आणि मी सोमवारी दुपारच्या एसटीने पुण्याला जाऊन गुरुवारी परतायचे. माझे गुडघे अजून ऐकतात. यजमान साताऱ्यातच राहतील, त्यांना नगरवाचनालय आणि टेकडीवरच्या ‘चार भिंती’ या स्मारकापर्यंतचा सकाळचा चढ पुरतो. बाणेरच्या फ्लॅटला नकार कळवला आहे. तो जाईल, याची चुटपुट मला आहे, आणि ती मी लपवत नाही.

वर न्हाणीघर आहे. जिन्याला कठडा नव्हता, तो बसवून घ्यायला सांगितले तेव्हा दिरांनी किती उंचीचा, असे विचारले. मी दोन लावायला सांगितले आहेत: एक आमच्या हाताला येईल असा, आणि त्याखाली दुसरा, चार वर्षांच्या मुलीच्या उंचीचा.

आपली,
शार्लटची सभासद